सासऱ्यांची अर्धवट हॉट रॉड: पावत्या ४१ हजारांच्या, मग मागायचे किती?

प्रश्न: आम्ही ओहायोत राहतो. माझे सासरे (अमेरिकन) गेल्या हिवाळ्यात वारले. त्यांच्या गॅरेजमध्ये १९३१ ची फोर्ड मॉडेल ए कूपे (दोन दारांची गाडी) हॉट रॉड, म्हणजे कापून-बदलून वेगवान केलेली जुनी गाडी, करायला घेतलेली अर्धवट पडून आहे. छत कापून बुटके केले आहे, खाली १९३२ च्या धाटणीची नवी चॅसी आहे, फ्लॅटहेड व्ही-८ (फोर्डचे जुने आठ सिलिंडरचे) इंजिन मशीन शॉपमधून आणून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवले आहे. वायरिंग, काचा, सीट यातले काही नाही. फाइलमध्ये ४१ हजार डॉलरच्या पावत्या आहेत. सासूबाईंना गाडी विकायची आहे. नवरा म्हणतो, आधी पूर्ण करू, रंग मारू, मग विकू. सासऱ्यांचा एक मित्र सहा हजारांत उचलायला तयार आहे. काय करावे?

उत्तर:

ताई, दोन्ही नको. सहा हजारांत देऊ नका आणि पूर्णही करू नका.

मी मूळचा कोल्हापूरचा. वेल्डिंग शिरोलीच्या एमआयडीसीत शिकलो आणि आता बऱ्याच वर्षांपासून डेटनच्या आसपास जुन्या फोर्डच्या बॉड्या आणि चॅसींवर काम करतो. घरातला बांधणारा माणूस गेला किंवा थकला की अर्धवट गाडीची किंमत काय धरायची, हे विचारायला लोक येतात. त्या अनुभवावरून सांगतो.

अशी गाडी घेणारा किंमत कशी काढतो ते आधी समजून घ्या. तयार झाल्यावर ती किती रुबाबदार दिसेल आणि कितीला जाईल, हा आकडा तो मनात धरतो. त्यातून राहिलेल्या कामाचा खर्च वजा करतो. इथपर्यंत हिशेब सरळ आहे. पण त्यानंतर, जे त्याला दिसत नाही किंवा कळत नाही, त्या प्रत्येक गोष्टीचे तो वेगळे पैसे कापतो. ब्लॉकला तडा आहे का? टायटलवरचा (गाडीच्या मालकीच्या सरकारी कागदावरचा) नंबर कुठल्या चॅसीचा? प्रायमरखाली पत्रा आहे की पुट्टी? कापलेल्या छताच्या काचा बसतात का? ही शेवटची वजाबाकी सगळ्यात मोठी असते, आणि ती तुमच्या हातात आहे. रंग मारून किंमत वाढेल तेवढाच रंगाला खर्च येईल, बहुतेक वेळा जास्तच. शंका मिटवायला मात्र लागतात चार शनिवार-रविवार आणि एक चांगला कॅमेरा.

नवऱ्याची भावना मी समजू शकतो. वडिलांचे काम पुरे करावे असे कोणालाही वाटेल. स्वतःसाठी ठेवायची असेल तर जरूर पुरी करा. विकण्यासाठी करू नका. चांगल्या दुकानात बॉडीवर्क आणि रंगाचे बिल सहज पाच आकड्यांत जाते, सीट-अस्तराचे काम वेगळे, वायरिंग वेगळे, आणि दुकानदाराकडे नंबर लागायला महिनोन्महिने जातात. शिवाय हा सगळा बाजार नादिष्ट लोकांचा. तुम्ही लाल केली तर त्याला काळी हवी असते. उघडा पत्रा दिसणारी गाडी जाणकाराला रंगवलेल्या गाडीपेक्षा जास्त विश्वासाची वाटते, कारण तिथे लपवायला जागा नसते.

पावत्यांचेही तसेच. त्या ४१ हजारांत वाया गेलेले भाग असतील, दोनदा घेतलेले असतील, मजुरी असेल, कुरिअरचे पैसे असतील. गिऱ्हाइकाला तुमच्या सासऱ्यांनी काय खर्च केला यात रस नसतो, कोणत्या दुकानातून कोणता भाग घेतला यात असतो. म्हणून पावत्या जपून ठेवा, गाडीसोबत द्या, पण त्यांची बेरीज जाहिरातीत लिहू नका. ‘इतके घातलेत’ हे वाक्य वाचले की समोरचा ओळखतो की विकणारा अजून भावनेतून बाहेर आलेला नाही.

आता तुमच्याकडे नेमके काय आहे ते सांगतो, कारण विकणाऱ्याला स्वतःच्या मालाचे नाव घेता आले पाहिजे. फोर्डने मॉडेल ए १९२८ ते १९३१ या मॉडेल वर्षांत लाखोंनी बनवली. चार सिलिंडर, ४० हॉर्सपॉवर. १९३२ मध्ये त्यांनी फ्लॅटहेड व्ही-८ आणले, ६५ हॉर्सपॉवरचे. सामान्य माणसाला परवडेल असे पहिले व्ही-८ हेच. दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरे तेव्हा म्युरॉक, एल मिराजसारख्या कोरड्या पडलेल्या तळ्यांवर गाड्या पळवायची. तिथल्या शर्यतींसाठी एससीटीए (सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन) ही संघटना १९३७ मध्ये निघाली. त्या पोरांनी हेरले की मॉडेल एची हलकी बॉडी, १९३२ ची मजबूत चॅसी आणि व्ही-८ इंजिन एकत्र केले की स्वस्तात वेग मिळतो. युद्धानंतर परत आलेल्या तरुणांनी हा नाद देशभर नेला आणि १९४८ च्या जानेवारीत ‘हॉट रॉड’ मासिक सुरू झाले. तुमच्या सासऱ्यांनी नेमकी तीच जुनी जोडणी धरली आहे. हे महत्त्वाचे, कारण या बाजारात दोन पंथ आहेत. एकाला जुन्या पद्धतीची गाडी हवी: फ्लॅटहेड, सरळ आडवा पुढचा एक्सल, जुनी कार्ब्युरेटरे. दुसऱ्याला शेवीचे (शेव्हरोलेचे) ३५० इंजिन, स्वतंत्र सस्पेन्शन आणि एसी हवा. तुमची गाडी पहिल्या पंथाची. दुसऱ्या पंथाच्या माणसाला पटवत बसलात तर तो इंजिन बदलायचा खर्च तुमच्याच किमतीतून कापेल.

त्या मित्राबद्दल वाईट बोलत नाही, पण सहा हजार हा आकडा ओळखीचा आहे. घरात दुःख आहे आणि बायकांना माल कळत नाही, असे गृहीत धरून पहिली बोली नेहमी अशीच येते. त्याला चहाला बोलवा आणि हे भाग कुठून आणले, कोणते काम कोणी केले हे सगळे विचारून लिहून घ्या. त्याच्या आठवणींत तुमच्या गाडीची अर्धी माहिती आहे. विकत द्यायची की नाही ते नंतर.

कागदांवर मात्र सगळ्यात जास्त वेळ घाला. माझ्या डोळ्यांदेखत मोडलेले बहुतेक व्यवहार पत्र्यावरून मोडले नाहीत, नंबरावरून मोडले.

आजच्या गाड्यांना १७ अक्षरांचा व्हिन (गाडीचा ओळख क्रमांक) असतो. ती पद्धत १९८१ च्या मॉडेलपासूनची. मॉडेल एला असले काही नाही. तिचा नंबर म्हणजे कारखान्यात इंजिनावर ठोकलेला नंबर, A अक्षराने सुरू होणारा आणि दोन्ही टोकांना चांदणी असलेला. तोच नंबर चॅसीच्या डाव्या पट्टीवर वरच्या अंगाला ठोकलेला असतो, पण बॉडी उचलल्याशिवाय तो दिसत नाही. बॉडीवर हा नंबर नसतो. १९३१ च्या गाड्यांचे नंबर साधारण ४२ लाखांपासून ४८ लाखांपर्यंत आहेत. टायटल काढा आणि त्यावरचा नंबर या पट्ट्यात बसतो का ते पाहा. मग गॅरेजच्या मागे, कुंपणाशी, ताडपत्रीखाली शोधा: मूळ मॉडेल एची चॅसी किंवा ते जुने चार सिलिंडरचे इंजिन कुठे पडले आहे का? सापडले तर गंज घासा, नंबर वाचा, फोटो काढा. टायटलशी जुळला तर तो गंजका लोखंडी सांगाडा भंगारात देऊ नका. इंजिनही कोणाला वेगळे विकू नका. तुमच्या गाडीची कागदोपत्री ओळख त्या दोन वस्तूंवर टांगलेली आहे. गाडीसोबत त्या दिल्या तर घेणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो.

नव्या चॅसीवर कारखान्याचा नंबर नसणार. इथे कोणीतरी शहाणा तुम्हाला सांगेल की टायटलवरचा नंबर ठोकून टाका, कोण बघतो. अजिबात करू नका. नंबर बदलणे, काढणे, खोटा ठोकणे हा अमेरिकेत केंद्रीय कायद्याखाली गुन्हा आहे. हेतू चांगला असला तरी मनस्ताप किती होतो याचे एक जाहीर उदाहरण आहे. कॅन्ससमध्ये एका माणसाची १९५९ ची कॉर्व्हेट २०१७ मध्ये जप्त झाली, कारण पूर्वी कधीतरी दुरुस्तीच्या वेळी नंबरची पट्टी काढून परत लावली होती. त्याने गाडी सरळ मनाने विकत घेतली होती, तरी ती वर्षानुवर्षे अडकून पडली. शेवटी २०२२ मध्ये त्या राज्याला कायदाच बदलावा लागला.

मूळ चॅसी नाही, इंजिन नाही, नुसते टायटल आहे, असे निघाले तर? तरीही विकता येते. काय आहे ते स्पष्ट लिहायचे: बॉडी १९३१ ची, चॅसी नवी बनावटीची, टायटल १९३१ चे, मूळ चॅसी उपलब्ध नाही. ओहायोत अशी गाडी ‘सेल्फ-असेम्बल्ड’ (स्वतः जोडलेली) धरली जाऊ शकते. मग राज्याच्या महामार्ग पोलिसांची तपासणी होते आणि तिथे भागांच्या पावत्या मागतात. पावत्या जपा म्हणालो ते यासाठीही. काउंटीच्या टायटल ऑफिसात स्वतः जाऊन विचारा आणि मिळालेले उत्तर तारखेसह लिहून ठेवा. गिऱ्हाईक दुसऱ्या राज्याचे असेल तर नोंदणीची डोकेदुखी त्याची आणि नियमही त्याच्या राज्याचे. कॅलिफोर्नियात तर घरी बांधलेल्या अशा गाड्यांसाठी धुराच्या नियमांतून सवलत देणारे दाखले दर वर्षी ५०० च निघतात आणि त्यासाठी रांग लागते. तिथल्या गिऱ्हाइकाने त्यावरून खोदून प्रश्न विचारले तर वैतागू नका. तो खरा घेणारा आहे.

टायटल अजून सासऱ्यांच्या नावावर असेल तर आधी सासूबाईंच्या नावावर करून घ्या. हयात जोडीदारासाठी ओहायोत प्रतिज्ञापत्राची सोपी वाट आहे. ती लागू पडत नसेल तर प्रोबेट (वारसा-मृत्युपत्राच्या) कोर्टातून जावे लागेल. मेलेल्या माणसाच्या नावाचे टायटल हातात घेऊन विकायला बसलात तर भले लोक निघून जातात आणि उरतात ते सहा हजारवाले. आणखी एक: घेणाऱ्याचे नाव कोरे ठेवून सही केलेले टायटल कोणालाही देऊ नका. दलाल तेच मागतात, म्हणजे त्यांना स्वतःच्या नावावर न करता पुढे विकता येते. हे बेकायदा आहे, आणि मधल्या काळात काही झाले तर कागदावर नाव सासूबाईंचे. ओहायोत विकणाऱ्याची सही नोटरीसमोरच व्हावी लागते, आणि त्याआधी घेणाऱ्याचे नाव आणि किंमत भरलेली असावी लागते. हा नियम तुमच्या फायद्याचा आहे.

इंजिनाकडे वळू. फ्लॅटहेडची जुनी दुखणी माहीत असलेला माणूस पहिला प्रश्न तड्यांचा विचारणार. या इंजिनात जळलेला वायू ब्लॉकच्या आतून, सिलिंडरांच्या शेजारून बाहेर जातो आणि मधल्या दोन सिलिंडरांचा एकच मार्ग असतो. त्यामुळे तिथे उष्णता साठते आणि व्हॉल्व्हची बैठक ते सिलिंडर या अरुंद जागेत तडे जातात. मशीन शॉपच्या बिलात चुंबकीय तपासणीची ओळ आहे का ते शोधा. असेल तर त्या कागदाचा स्वच्छ फोटो जाहिरातीत घाला. त्या एका ओळीने हजार-दीड हजार डॉलर इकडचे तिकडे होऊ शकतात. बिल सापडले नाही तर दुकानाला फोन करा. जुनी दुकाने कामाची नोंद ठेवतात.

इंजिन कोणत्या पिढीचे तेही पाहा. क्लच झाकणारी घंटेसारखी खोळ ब्लॉकसोबतच ओतलेली असेल तर ते आधीचे. वेगळी बोल्टने लावलेली असेल तर १९४९ ते १९५३ मधले, ज्याला लोक ८बीए म्हणतात. दोन्ही चालतात, पण चुकीचे लिहिले तर पुढच्या सगळ्या माहितीवर शंका येते. कार्ब्युरेटरांच्या अंगावर ओतीव ९७ आकडा आहे का ते बघा. स्ट्रॉम्बर्ग ९७ असेल तर बरे. नवेही मिळतात, त्यामुळे जुने की नवे ते पावतीवरून ठरवा. हेड आणि मॅनिफोल्डवर एडेलब्रॉक किंवा ऑफेनहाउजर अशी नावे असतील तर त्यांचे जवळून फोटो.

इंजिन सुरू करण्याच्या भानगडीत पडू नका. वर्षानुवर्षे उभे राहिलेले इंजिन, त्यात बेअरिंगांना तेल पोचलेले नाही, आणि हौशी पुतण्या बॅटरी जोडतो: यातून काय होते ते मी पाहिले आहे. क्रँकला (इंजिनाच्या मुख्य दांड्याला) पाना लावून हाताने हळू फिरते हे व्हिडिओत दाखवा, पुरे. अडकत असेल तर जोर लावू नका. ‘फिरत नाही’ असे लिहा.

बॉडीला लोहचुंबक लावून फिरवा. कुठे चिकटत नाही ते खडूने खुणा करून फोटो काढा. छत कापलेल्या जागचे जोड आतून दाखवा. किती इंच कापले तेही मोजा, कारण काचा त्यावर ठरतात. दाराच्या फटी, मागच्या मडगार्डांच्या खालच्या कडा, डिकीचा तळ, बॉडीखालच्या आडव्या पट्ट्या, फायरवॉल (इंजिन आणि बसायच्या जागेमधला पत्रा), हे सगळे दाखवा. मॉडेल एच्या बॉडीत छताला लाकूड असते. ते आहे, नवे घातले आहे की काढून लोखंडी नळी घातली आहे? साधा राखाडी प्रायमर ओल पितो, त्यामुळे ओहायोच्या दमट उन्हाळ्यात खाली गंज धरला असेल. बोटाने घासून दाखवा. इपॉक्सी प्रायमर असेल तर डबा शोधा आणि त्याचाही फोटो काढा. नवीन पॅच कुठे लावले ते न लपवता लिहा. जाणकाराला ते दिसणारच आहेत, आणि तुम्ही आधी सांगितलेत तर बाकीच्यावर तो विश्वास ठेवतो. चॅसीचा पुढचा एक्सल, ब्रेक आणि स्टिअरिंगच्या जागचे वेल्डिंग खास दाखवा. गाडी घेताना मी तरी पहिल्यांदा तिथेच टॉर्च मारतो.

आता फोटो काढण्याआधीची मांडणी. टायरांत हवा भरा. गाडी ढकलून उजेडात आणा. समोरची जाळी, दिवे, बॉनेट नुसते जागेवर ठेवून का होईना, गाडी गाडीसारखी दिसू द्या. नंतर तेच भाग काढून जमिनीवर चादरीवर मांडा. खोक्यांना नंबर द्या आणि प्रत्येक खोक्यात काय आहे त्याची यादी करा. हे कंटाळवाणे काम आहे, पण याच कामाला सगळ्यात जास्त मोबदला मिळतो. खोकी बंद ठेवून ‘भरपूर सुटे भाग सोबत’ असे लिहिणे म्हणजे पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल. घेणारा मग म्हशीचे नाही, पाण्याचे पैसे देतो.

यादी करताना मूळ मॉडेल एचे जे भाग हॉट रॉडला लागणार नाहीत ते वेगळे काढा: १९ इंची तारांची चाके, मडगार्ड, बंपर, जुना गिअरबॉक्स. गाड्या जशाच्या तशा पुनर्निर्माण करणाऱ्यांचे दोन मोठे देशव्यापी क्लब आहेत, मॉडेल ए फोर्ड क्लब ऑफ अमेरिका आणि मॉडेल ए रिस्टोअरर्स क्लब. त्यांच्या स्थानिक शाखांतले लोक असे भाग आनंदाने नेतात. (नंबरवाले इंजिन आणि चॅसी सोडून, हे परत सांगतो.) सासऱ्यांची हत्यारे, वेल्डिंग मशीन, कॉम्प्रेसरही वेगळे विका. ‘सगळे मिळून’ म्हणणाऱ्याला ती फुकट हवी असतात.

मग संपूर्ण गाडीच भाग सुटे करून का विकू नये? कागदावर जास्त पैसे दिसतात खरे. पण त्यात वर्ष जाते, शेवटी कोणाला नको असलेली बॉडी उरते, आणि टायटलचा गुंता वाढतो. टायटल चोख असेल तर गाडी अखंड विका. टायटल अगदीच नसेल तरच सुट्या भागांचा विचार.

किंमत. नेटवर दिसणाऱ्या मागणीच्या किमतींवर जाऊ नका. त्या गाड्या विकल्या गेलेल्या नाहीत म्हणून तर दिसताहेत. विकलेल्या गाड्यांचे आकडे बघा: ईबेवर तसा फिल्टर आहे, ब्रिंग अ ट्रेलर या लिलावाच्या वेबसाइटवर जुन्या लिलावांचे निकाल बोलींसकट उघडे असतात. मूळ अवस्थेतल्या गाड्यांच्या भावयाद्या इथे फारशा उपयोगी नाहीत, कारण प्रत्येक हॉट रॉड एकेकच असते. १९३२ च्या गाडीशीही तुलना करू नका. अस्सल ‘ड्यूस’चा (१९३२ च्या फोर्डचा) भाव निराळा. तुमच्याकडे मॉडेल एची बॉडी आहे आणि चॅसी नवी. कूपे मात्र लोकांना आवडते.

तुम्ही लिहिले आहे तेवढ्यावरून माझा अंदाज: टायटल सासूबाईंच्या नावावर, मूळ चॅसीचा नंबर जुळलेला, इंजिनाच्या तपासणीचा कागद हातात, बॉडी अस्सल पत्र्याची असेल तर १९ हजार मागा आणि १६ ते १७ मध्ये सोडा. मूळ चॅसी सापडली नाही तर तीनेक हजार कमी धरा. इंजिनाचा कागदही नसेल तर १२ च्या आसपास याल. म्हणजे सगळ्यात खालच्या आकड्याच्याही तो मित्र निम्मेच देतो आहे, आणि पावत्यांची बेरीज कुठेच येत नाही. दोन्ही गोष्टी घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवा.

जाहिरात छोट्या वाक्यांत. आधी काय आहे, मग काय झाले आहे, मग काय राहिले आहे, मग काय माहीत नाही. ‘सोपे काम उरले आहे’ हे वाक्य लिहू नका. सोपे असते तर सासऱ्यांनी केले असते, असे प्रत्येक वाचणाऱ्याच्या मनात येते. नवरा विकणार की सासूबाई, फोनवर कोण बोलणार, हे ठरवा. एकच माणूस बोलू दे.

कुठे? पंधरा-वीस हजारांच्या अर्धवट गाडीला बॅरेट-जॅक्सनसारखे टीव्हीवरचे लिलाव बसत नाहीत. तिथे चकाचक तयार गाड्या जातात, आणि प्रवेश शुल्क, कमिशन, वाहतूक यातच तुमची कमाई संपेल. आधी फेसबुक मार्केटप्लेस आणि मॉडेल ए, फ्लॅटहेडवाल्यांचे गट. सोबत जुन्या गाड्यांच्या ‘हेमिंग्ज’मध्ये एक जाहिरात. जुलैत कोलंबसच्या एक्स्पो सेंटरवर गुडगाइज या हॉट रॉडवाल्यांच्या संस्थेचा मोठा मेळा भरतो. तिथे गाडी न्यायची गरज नाही, चांगल्या फोटोंचे एक पान छापून घेऊन जा आणि फ्लॅटहेडवाल्या गाड्यांच्या मालकांशी बोला. पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीचा ऑक्टोबरचा बाजार प्रचंड असतो, पण तो मुख्यतः मूळ अवस्थेतल्या गाड्यांचा. तिथे तुमची चाके आणि मडगार्ड खपतील, हॉट रॉड नाही. हंगाम म्हणाल तर सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम: हिवाळ्यात गॅरेजमध्ये बसून करायला लोक काम शोधत असतात.

बघायला येणाऱ्याला भरपूर वेळ द्या, खाली झोपून पाहू द्या. पण घरी एकट्याने कोणाला भेटू नका, आणि मूळ टायटल घरात ठेवू नका, प्रत दाखवा. घासाघीस होणारच. भाव जमला आणि माणूस ट्रेलर आणायला परत जाणार असेल तर इसार घ्या. पाचशे डॉलर, परत न मिळणारा, अमुक तारखेपर्यंत, दोघांच्या सह्या. इसार न देता ‘माझ्यासाठी ठेवा’ म्हणणाऱ्यासाठी काही ठेवायचे नसते.

पैशांच्या बाबतीत इथे फसवणूक फार आहे. बनावट कॅशिअर्स चेक (बँकेने स्वतः काढलेले चेक) इतके हुबेहूब असतात की बँक पैसे खात्यात दाखवते आणि काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी चेक खोटा निघाला की परत काढून घेते. तोवर गाडी गेलेली असते. म्हणून ज्या बँकेने चेक काढला तिच्याच शाखेत दोघांनी जाऊन, खिडकीसमोर व्यवहार करा. नाहीतर वायर ट्रान्सफर, आणि पैसे जमा झाल्याचे स्वतः बँकेला विचारून मगच किल्ली. किल्ली नसलीच तर मगच गाडी ट्रेलरवर चढू द्या. किमतीपेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवून ‘वरचे ट्रान्सपोर्टवाल्याला द्या’ म्हणणारा चोर. अमुकच वेबसाइटवरून व्हिन रिपोर्ट विकत घ्या म्हणणाराही चोर. १९३१ च्या गाडीला व्हिन रिपोर्ट कसला निघणार!

विक्रीच्या कागदावर ‘आहे तशी, आहे तिथे’ हे शब्द हवेत, आणि नंबर टायटलवर आहे तसा. ‘रस्त्यावर चालवण्यास योग्य नाही, ब्रेक जोडलेले नाहीत’ हेही लिहा आणि घेणाऱ्याची त्याच वाक्याखाली सही घ्या. ओडोमीटरच्या घोषणेतून इतकी जुनी गाडी सुटते. विंच (दोराने गाडी ओढून चढवणारे यंत्र) असलेला ट्रेलर त्याने आणावा, चढवण्याची जबाबदारी त्याची. स्टिअरिंग निदान चाके वळवण्याइतके जोडलेले असू द्या. पट्टा एक्सलला बांधायचा, स्टिअरिंगच्या दांड्याला नाही. घाईत लोक हटकून तिथेच बांधतात.

कराचे फार मनावर घेऊ नका. वारशाने आलेल्या वस्तूचा हिशेब मालक वारला त्या दिवशीच्या बाजारभावावरून होतो, ४१ हजारांवरून नाही. एखाद्या मूल्यांकन करणाऱ्याचा त्या तारखेचा कागद असला की बहुतेक वेळा नफा असा उरतच नाही. कर भरण्यासारखे काही राहिले तर इस्टेटीचा वकील सांगेल.

पुण्या-मुंबईतून कोणी हौशी व्हॉट्सअॅपवर विचारणा करील, कारण मराठी गटांत फोटो फिरतातच. नम्रपणे नाही म्हणा. भारतात व्हिंटेज नोंदणीचे जे नियम २०२१ मध्ये आले, त्यांत ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी मूळ रूपात असावी लागते. चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२सुद्धा कंपनीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठासून सांगितले. छत कापलेली, चॅसी बदललेली कूपे तिथे दिवाणखान्यातच उभी राहील.

तर या आठवड्यात एवढेच करा: टायटल शोधा, त्यावरचा नंबर लिहून घ्या आणि कुंपणाशी जुने लोखंड आहे का ते बघा. जुनी चॅसी सापडली तर तिच्या डाव्या पट्टीवरचा गंज तारेच्या ब्रशने घासा, ग्राइंडर लावू नका. नंबर वाचता आला तर मला दोन्ही फोटो पाठवा, टायटलवरचे नाव-पत्ता झाकून. ते बघून वर दिलेल्या तीन आकड्यांपैकी कोणता धरायचा ते सांगतो.